पाला

अंतरवाली सराटीचा आहे म्हटलं की समोरचा लगेच मराठा आरक्षणाच्या उपोषणाचं विचारतो. मला मात्र मोसंबीचं बोलायचं असतं. आमच्या अंबड तालुक्यात ‘रानात गेलो’ म्हणजे शेतात गेलो. झाडं म्हणावीत तर बांधावरच्या बाभळी, लिंब आणि ओळीत लावलेली बाग. त्यामुळे ऑक्टोबरात कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकर चढताना वाटाड्या दादा म्हणाला, “आता रान लागंल,” तेव्हा मी भाताची खाचरं शोधत होतो.

खांडसहून दोन वाटा आहेत. शिडीघाट अंगावर येतो, लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. गणेशघाट लांबचा, पण सोपा. गुडघ्यांनी गणेशघाट निवडला.

खालचं रान उन्हाळ्यात पानं झाडणारं, आपल्या ओळखीचं. माथा जवळ आला तसा उजेडच कमी झाला. जांभूळ, अंजनी, पिसा. फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की ऊन रुपयाएवढं खाली पडत होतं. हे जंगल म्हणजे एक बेटच आहे, फक्त चहूबाजूंनी समुद्राऐवजी कोरडी उतरण. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला थडकतात आणि घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस ओततात. आमच्या जालन्याला उरतो सातशेच्या आसपास. आमच्या वाट्याचं इथंच सांडतं, असं म्हणून मी थोडा चिडलोही.

झाडात पाचोळ्याचा मोठा चेंडू अडकल्यासारखा दिसला. शेकरूचं घरटं! एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं. आपला हा राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. म्हणजे फांद्यांची साखळी तुटली की त्याचा रस्ताच बंद. मुख्यतः त्याच्यासाठीच 1985 मध्ये इथं सुमारे 131 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं.

पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या महादेव कोळ्यांनी देवराया राखल्या आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून नोंदवल्या. देवाच्या राईत कुऱ्हाड चालत नाही. मी काठीसाठी एक वाळकी फांदी उचलली, तर दादानं ती माझ्या हातातून घेऊन होती तिथं ठेवली. “पडलेलं बी त्याचंच.” बाहेरच्या रानात हीच माणसं बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. तोडायचं कुठं आणि राखायचं कुठं, हे त्यांचं पक्कं ठरलेलं आहे.

मी खाली बसून माती उचलली. आमची काळी ओली झाली की चपलेला चिकटते, वाळली की भेगाळते. ही चहाच्या चोथ्यासारखी मोकळी, दाबली तर बोटांतून पाणी निघालं. पावसानं उघडीप देऊन आठवडा झाला होता, तरी! पाचोळा कुजतो, पाणी धरतो आणि हळूहळू सोडतो. इथली भीमा पंढरपूरला जाते. आमची गोदावरी याच रांगेतल्या त्र्यंबकला उगम पावते, पैठणला जायकवाडीत अडते आणि डाव्या कालव्यानं अंबडकडं येते. मघाचा राग जरा निवळला.

यंदा मोसंबीच्या ओळीतला पाला मी पेटवला नाही. शेजारच्या काकांनी दोनदा विचारलं, “बाग कधी झाडायची?”