पाहणी बांधावरचीच!

निवृत्त तलाठ्याची सकाळ म्हणजे चहा, पेपर आणि ओटा. तेवढ्यात कुणीतरी मोबाईल पुढे करतो, "भाऊसाहेब, एवढं बघा की!"

आमच्या वेळी पिकाची नोंद आम्ही करायचो. नियम बांधावर जाण्याचा. पण खरं सांगायचं तर कधी पारावर बसूनही रकाने भरले! १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, माझ्यासारख्याच्या मागे हिंडणे सुटले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता शेतकऱ्याने शेतात उभे राहून फोटोसह नोंद करायची.

परवा शेजारच्या आजी आल्या. रानात सोयाबीन, उताऱ्यावर रकाना कोरा. मुलगा पुण्याला, हातातला मोबाईल साधा. नातवाला घेऊन त्यांच्या शेतात गेलो. एका मोबाईलवर अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून काम झाले. रेंज मात्र विहिरीपाशी गावली.

यंत्र बदलले, बांधावर जाणे चुकले नाही. उद्या नुकसान झाले आणि रकाना कोरा निघाला, तर भांडायचे कुणाशी? मुदत संपायच्या आत आपली नोंद करा, शेजाऱ्याचीही विचारा.