पोथीच्या पानावरील अक्षरशोभा

कळमनुरी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असून, शेजारच्या नांदेडला 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी त्या ग्रंथालाच गुरुपद दिले. त्याच्या जुन्या हस्तलिखित प्रतींची, म्हणजे ‘बिडां’ची, आरंभीची पाने वेलबुट्टीच्या रंगीत चौकटींनी सजवलेली आढळतात. अक्षर सजवण्याची कला शिकू पाहणाऱ्या कळमनुरीकराला म्हणूनच युरोपातील नमुन्यांपासून आरंभ करण्याचे कारण नाही.

इ. स. 800 च्या सुमाराच्या ‘बुक ऑफ केल्स’सारख्या युरोपीय ग्रंथांत मजकुराचे पहिले अक्षर कधी कधी पानभर वाढवून त्यात प्राणी आणि गुंतागुंतीच्या गाठी भरलेल्या दिसतात. देवनागरीत मोठ्या व लहान अक्षरांचे वेगळे संच नाहीत आणि अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. त्यामुळे त्यांपैकी एकच फुगवले, तर ओळ मोडते. मराठी लेखनिकांनी शोभा आणली ती ओळींच्या सारखेपणातून, भोवती सोडलेल्या कोऱ्या जागेतून आणि आरंभीचे नमन, ओव्यांचे अंक, दंड यांना दिलेल्या लाल रंगातून. ही शोभा संयमाची आहे, आणि ती साधणे पानभर वेली काढण्याहून अवघड आहे.

या विद्येचा मराठीतील उत्तम पाठ समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात, म्हणजे लेखनक्रियेच्या निरूपणात आहे. ग्रंथातील पहिले अक्षर व शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसावे, पानाच्या कडा झडल्या तरी मजकुराला धक्का लागू नये म्हणून चहूकडे जागा सोडावी, आणि म्हातारपणीही वाचता येईल एवढे अक्षर ठेवावे, असा त्याचा आशय आहे. निरनिराळे बोरू, हिंगूळ, चितारलेल्या फळ्या, बासने यांचीही त्यात नोंद आहे. लेखनाच्या साहित्याचा एवढा बारकाईने विचार करणारा संत विरळाच.

प्रत्यक्ष शिक्षण बोरूपासून सुरू होते. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असल्याने हाताची दिशा बदलताच रेघ आपोआप जाड वा बारीक होते, म्हणून आधी केवळ रेघा आणि गोलाई यांचा सराव करावा लागतो. ओळी सरळ येण्यासाठी जुने लेखनिक दोरे ताणून बसवलेल्या फळीवर कागद दाबून त्यावर खुणा उमटवीत. काळी शाई दिव्याच्या काजळीत बाभळीचा डिंक घालून पुष्कळ वेळ खलल्याने तयार होते. काजळी प्रकाशाने विटत नाही, मात्र डिंक पाण्याने सुटतो, आणि पोथ्या बासनात गुंडाळून ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. लाल रंगासाठी हिंगूळ, तर चुकलेले अक्षर झाकण्यासाठी पिवळी हरताळ वापरीत. हिंगुळात पारा व हरताळीत आर्सेनिक असल्याने दोन्ही विषारी आहेत. नवशिक्याने त्यांऐवजी गेरू किंवा बाजारातील तयार रंग घ्यावेत, त्यात परंपरेचा काही अवमान नाही.

कागदाची निवडही महत्त्वाची, कारण न घोटलेल्या कागदावर शाई पसरते. घोटणे म्हणजे कागदाला खळ लावून, तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घासून त्याला चकाकी आणणे. हातकागदासाठी मराठवाड्याबाहेर जाण्याची गरज नाही. दौलताबादजवळचा कागजीपुरा त्यासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे.