उसनी पहाट आणि स्वतःचा मनोरा

अमेरिकेच्या वायव्य टोकास, वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वताच्या पूर्वेकडे याकिमा नदीचे खोरे पसरले आहे. पर्वताने पाऊस अडविल्यामुळे हा मुलूख मूळचा रुक्ष. परंतु कालव्यांचे पाणी फिरल्यापासून सफरचंदांच्या बागा, चेरी, द्राक्षे आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेली यांनी तो समृद्ध झाला. वसंतात येथे अ‍ॅस्परॅगस, म्हणजे आपल्या शतावरीच्या कुळातील भाजी, काढणीस येते. तिचा कोंब इतक्या त्वरेने वाढतो की एक दिवस चुकला तरी शेंडा फुटून तो निबर होतो. म्हणून मजूर भल्या पहाटे सरीत उतरतो, कमरेत वाकतो, लांब दांड्याची सुरी मातीत खुपसून कोंब कापतो आणि पुढच्या कोंबाकडे वळतो. ही कमरेची वाकण ज्यांच्या वाट्याला आली, त्यांतील पुष्कळजण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेक्सिकोतून करारावर आणलेले, किंवा पुढे टेक्सासमधून हंगामामागून हंगाम शोधीत सहकुटुंब आलेले होते. त्यांच्या घरात आणि शेतात बोलली जाणारी भाषा स्पॅनिश. रेडिओची मात्र इंग्रजी.

अमेरिकेतील स्पॅनिश नभोवाणीचा आरंभच मुळी उसन्या वेळेवर झाला. ज्या घटका कोणी जाहिरातदार विकत घेत नसे, त्या पहाटेच्या घटका केंद्राचे मालक स्पॅनिश निवेदकांना भाड्याने देत. लॉस एंजेलिसच्या परिसरात पेद्रो गोन्सालेस नावाच्या गायकाने 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘लोस माद्रुगादोरेस’, म्हणजे ‘पहाटे उठणारे’, हा कार्यक्रम सुरू केला, तो याच टाकाऊ समजल्या गेलेल्या वेळेत. परंतु मजुराचा दिवस त्याच वेळी उजाडत असल्यामुळे ती वेळ सोन्याची ठरली. पुढे मंदीच्या वर्षांत मेक्सिकन कुटुंबांची हद्दपारी सुरू झाली, तेव्हा गोन्सालेस तिच्याविरुद्ध उघडपणे बोलू लागले. 1934 साली एका गंभीर आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि फिर्यादी मुलीने नंतर आपली साक्ष मागे घेऊनही त्यांना 1940 पर्यंत तुरुंगात राहावे लागले. भाड्याच्या जागेत बोलणाऱ्याचा आवाज किती सहज बंद करता येतो, याचा याहून कठोर दाखला मला ठाऊक नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे राउल कोर्तेस यांनी युद्ध चालू असतानाच परवान्यासाठी दरखास्त केली, आणि 1946 साली मेक्सिकन वंशाच्या गृहस्थाच्या मालकीचे पहिले पूर्णवेळ स्पॅनिश केंद्र उभे केले. ते केंद्र जाहिरातींवर चालणारे होते. शेतमजुरापाशी मात्र विकण्याजोगे श्रमांखेरीज काहीच नव्हते.

याकिमा खोऱ्यातील केडीएनए या स्पॅनिश केंद्राची कथा म्हणूनच निराळी आहे. रिकार्दो गार्सिया, रोसा रामोन, हुलिओ सेसार गेरेरो प्रभृतींनी 1970 च्या दशकात हा उद्योग आरंभिला, तेव्हा त्यांच्याजवळ मनोरा नव्हता. सिएटल शहरातील ‘क्रॅब’ या लोकवर्गणीच्या केंद्राने त्यांना आपली उपलहर वापरू दिली. ही उपलहर मुख्य प्रक्षेपणाच्या पाठीवर बसून जाते. साध्या रेडिओवर ती ऐकू येत नाही, तिच्यासाठी खास यंत्र लागते. म्हणजे पुन्हा उसनेच, आणि तेही थोड्यांपुरते! अखेर परवाना मिळाला आणि 1979 च्या डिसेंबरात ग्रेंजर या चिमुकल्या गावातून 91.9 मेगाहर्ट्झवर केडीएनएचे प्रक्षेपण सुरू झाले. एफएम पट्ट्यातील 88 ते 92 हा भाग अमेरिकेत बिनव्यापारी, शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. त्या राखीव जागेवर हा मजुरांचा आवाज बसला. ‘केडीएनए’ ही परवान्याची अक्षरे भराभर उच्चारली की ‘कादेना’ हा स्पॅनिश शब्द होतो, आणि त्याचा अर्थ साखळी. केंद्राचे बिरुद ‘ला वोस देल काम्पेसिनो’, म्हणजे शेतकऱ्या-शेतमजुराचा आवाज.

या केंद्राविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. त्याच्या पहिल्या व्यवस्थापक रोसा रामोन या स्वतः याच खोऱ्यातील शेतमजूर कुटुंबातल्या होत्या, आणि ज्या स्त्रियांनी कधी ध्वनिक्षेपकाला हात लावला नव्हता, त्यांना येथे ध्वनिमुद्रण, संपादन आणि निवेदन शिकविण्यात आले. स्त्रियांसाठी ‘मुहेर’, म्हणजे ‘स्त्री’, याच नावाचा कार्यक्रम होता. स्त्रीची अवहेलना करणारी गाणी लावायची नाहीत, असा तेथे दंडक होता. लोकप्रिय मेक्सिकन गीतांतील बेवफाईच्या आणि मद्यपानाच्या आळवणीचा विचार करता, हा दंडक पाळणे म्हणजे श्रोत्यांच्या लाडक्या संग्रहातील पुष्कळ तबकड्या बाजूला ठेवणे होते. तरीही तो केंद्राने स्वीकारला, कारण स्वयंपाकघरात आणि फळे निवडण्याच्या कारखान्यांत दिवसभर ऐकणारा कान बहुधा स्त्रीचाच होता.

परदेशी मजुरांचे दाखले तपासणारे सरकारी अंमलदार शेतांवर धाडी घालीत. ‘ला मिग्रा’ हे त्यांचे लोकांतले नाव. धाडीची वार्ता केंद्रावर येऊन पोचली की आरंभी ती सांगितली जाई. पुढे सांगण्यास अडचण होऊ लागली, तेव्हा ला मिग्रावरचेच एखादे गीत लावण्याची प्रथा पडली. निवेदक कोणाचे नाव घेत नसे, शेताचा ठिकाणा सांगत नसे. नेहमीच्या गीतांच्या ओळीत ते एक गीत वाजे. इंग्रजी श्रोत्याला ते इतर गीतांसारखेच वाटे. सरीत वाकलेल्या माणसाला, ज्याच्या पाटीशेजारी लहानसा रेडिओ ठेवलेला असे, त्याचा अर्थ पहिल्या दोन सुरांतच उमगे.