स्पेलिंग पाठ करण्यापूर्वी

'बेजबाबदार' हा शब्द आपल्या घरांतून दिवसातून एकदा तरी ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो शाळकरी मुलांच्याच वाट्याला येतो. तर त्याच शब्दापासून सुरुवात करू या. मधला 'जबाब' म्हणजे उत्तर. हा अरबीतला जवाब. त्याच्या मागे 'दार', म्हणजे बाळगणारा; हा फारसी. पुढे 'बे', म्हणजे नसलेला, हाही फारसीच. मराठीने त्याला आपला 'पणा' जोडला की झाला 'बेजबाबदारपणा'. चार तुकडे, तीन भाषा, आणि रागावणाऱ्या अम्मीला याची गंधवार्ताही नसते.

आता याच अर्थाचा इंग्रजी शब्द घ्या. 'इररिस्पॉन्सिबल'. मध्ये 'रिस्पॉन्स', म्हणजे उत्तर. मागे 'इबल', म्हणजे ते करू शकणारा. पुढे 'इर', म्हणजे नाही. तीच रचना, तोच क्रम. 'पणा'च्या जागी 'इटी' लावला की 'इररिस्पॉन्सिबिलिटी' तयार. आमच्या वर्गातली मुले मात्र या शब्दाची तेरा अक्षरे डोळे मिटून, एका दमात, घोकून पाठ करतात. दुसऱ्या दिवशी एक 'आर' गळतो आणि वहीवर लाल रेघ उमटते. जे मूल 'बेजबाबदार' शब्द न घोकता बोलते, त्याला इंग्रजी शब्दाची मात्र अक्षरे मोजायला लावली जातात.

उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांचे इंग्रजीशी खरे भांडण इथे आहे, असे आमचे मत झाले आहे. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर विज्ञान आणि गणितही इंग्रजीत येते. 'फोटोसिंथेसिस'सारखे शब्द एकामागून एक अंगावर येतात. हुशार मुली दहावीनंतर 'सायन्स नको, इंग्रजी जमणार नाही' म्हणतात आणि घरचेही मान डोलावतात. विज्ञान त्यांना समजलेले असते. अडते ते लांबलचक शब्दापाशी.

उर्दूच्या व्याकरणात शब्दाच्या पुढे लागणाऱ्या तुकड्याला साबिका आणि मागे लागणाऱ्याला लाहिका म्हणतात. मराठीत उपसर्ग आणि प्रत्यय. मुलांनी हे दोन्ही विषयांत शिकलेले असते, पण इंग्रजीच्या तासाला ते दप्तरातच राहते. 'अनहॅपीनेस' घ्या. 'अन' म्हणजे नाही, 'नेस' म्हणजे आपला 'पणा'. मधल्या 'हॅपी'तही 'हॅप' हा जुना तुकडा आहे. तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थ नशीब. म्हणजे 'हॅपी' मुळात नशीबवान. आपल्या 'खुशनसीब'च्या जवळचा. 'वाय'चा 'आय' का झाला, हे मग वेगळे पाठ करावे लागत नाही: व्यंजनानंतरच्या 'वाय'पुढे 'नेस', 'फुल', 'लेस' असा तुकडा आला की तो सहसा 'आय' होतो. 'ब्यूटी'चे 'ब्यूटिफुल', 'पेनी'चे 'पेनिलेस'.

सर्वात गोड गंमत नकारार्थी 'इन'ची आहे. 'इनकरेक्ट'मध्ये तो 'इन' राहतो, 'इम्पॉसिबल'मध्ये 'इम' होतो, 'इल्लीगल'मध्ये 'इल' आणि 'इररेग्युलर'मध्ये 'इर'. मुले याला चार वेगळे नियम समजतात आणि कोणता कुठे हे घोकत बसतात. पण ज्या मुलाने मकतबमध्ये कुरआन वाचायला घेतले आहे, त्याला हे कधीच माहीत झालेले असते. 'अल' आणि 'शम्स' मिळून आपण 'अश्शम्स' वाचतो, 'अल' आणि 'रहमान' मिळून 'अर्रहमान'. 'कमर'च्या आधी मात्र 'अल' तसाच राहतो: 'अल्कमर'. हुरूफ-ए-शम्सी आणि हुरूफ-ए-कमरी हा सबक लहान मुलेही चटकन सांगतात. जीभ पुढच्या अक्षराच्या जागेवर आधीच जाऊन बसते, एवढेच त्यामागचे कारण. संस्कृतचा 'सत्' आणि 'जन' मिळून 'सज्जन' होतो, तेही असेच. 'पी' उच्चारण्यासाठी ओठ मिटावे लागतात, म्हणून 'इन'चा 'इम' झाला. फरक एवढाच की अरबीत लाम लिहिला जातो पण वाचला जात नाही. लॅटिनने अक्षरच बदलून टाकले आणि इंग्रजीने ते तसेच घेतले. दोन 'आर', दोन 'एल', दोन 'एम' कुठून आले, हेही इथेच कळते. एक साबिक्याचा, एक मूळ शब्दाचा. 'मिसस्पेल'मध्ये दोन 'एस' याच हिशोबाने, आणि 'डिसअपिअर'मध्ये एकच, कारण 'अपिअर'ला स्वतःचा 'एस' नाही.

'अन' मात्र जागचा हलत नाही. 'अनपॉप्युलर'चे 'अम' होत नाही, 'अनलकी'चे 'अल' होत नाही. तो इंग्रजीचा घरचा, जुना तुकडा आहे. 'नेस', 'लेस', 'फुल', 'हुड' हेही घरचे. 'इन', 'शन', 'मेंट', 'एबल' हे लॅटिनमधून, पुष्कळसे फ्रेंचच्या हातून आले. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच बसली. दख्खनच्या दरबारांत फारसी बसली आणि मराठीला 'दार', 'खाना', 'गैर' मिळाले, तसाच हा प्रकार. 'गैरसमज'मध्ये अरबी 'गैर' आणि मराठी 'समज' एका शब्दात राहतात. 'टेलिव्हिजन'मध्ये ग्रीक 'टेलि' आणि लॅटिन 'व्हिजन'. भाषांना कुळाची फारशी फिकीर नसते.

अरबीची मूळ पद्धत मात्र निराळी आहे, आणि ती इंग्रजीवर लादू नये. ऐन, लाम, मीम हा माद्दा घ्या: इल्म, आलिम, मालूम, तालीम, मुअल्लिम. तीन व्यंजने कायम, स्वर आत-बाहेर खेळतात. (मराठीत आल्यावर 'तालीम' आखाड्यात गेली, ही गोष्ट वेगळी.) इंग्रजी तसे करत नाही; ती मण्यांसारखे तुकडे ओवते. 'सिंग, सँग, साँग' किंवा 'फूट, फीट' असे आतून बदलणारे शब्द तिच्याकडे थोडेच उरले आहेत. आणि अरबीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांत 'अल'चा अर्थ हरवला आहे. नवव्या शतकातल्या खवारिज्मींच्या ग्रंथाच्या नावातले 'अल्-जब्र' इंग्रजीत 'अल्जेब्रा' झाले. इंग्रजाला त्यात एकच मणी दिसतो. त्यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला, त्याचेही तसेच.

शब्दाचे तुकडे करणे ही मोठ्या माणसांची विद्या नाही. 1958 मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि सांगितले, हा 'वग' आहे. मग दोन दाखवले. बहुतेक मुलांनी लगेच 'वग्झ' म्हटले. हा शब्द त्यांनी कधीही ऐकलेला नव्हता, म्हणजे पाठ केलेला असणे शक्य नव्हते. अनेकवचनाचा 'एस' 'कॅट्स'मध्ये 'स', 'डॉग्झ'मध्ये 'झ' आणि 'बसेस'मध्ये 'इझ' वाजतो, हेही मुलांना न शिकवता बरेचसे येते. आपल्याकडे 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणणारे तीन वर्षांचे मूल हेच करत असते. त्याला हसू नये. त्याने नियम पकडला आहे, अपवाद तेवढा राहिला आहे.

न वाजणाऱ्या अक्षरांवरून मुले फार चिडतात. 'टू' या आकड्यात 'डब्ल्यू' कशाला? त्याला त्याच्या भावंडांत नेऊन बसवा: 'ट्विन', 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी'. सगळीकडे दोनाचा अर्थ आणि सगळीकडे 'डब्ल्यू' वाजतो. 'साइन'मधला मुका 'जी' 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर'मध्ये बोलू लागतो. 'गव्हर्नमेंट'मधला 'एन' गाळणाऱ्याला 'गव्हर्न' आणि 'मेंट' वेगळे लिहायला सांगा. इंग्रजी स्पेलिंग पुष्कळदा उच्चार सोडून देते पण नाते सोडत नाही. पुष्कळदा म्हटले, नेहमी नव्हे.

कारण फसवे तुकडेही आहेत. 'अंकल'मध्ये 'अन' नाही, 'कॉर्नर'मध्ये मका नाही. तुकडा काढल्यावर उरलेल्या भागाला अर्थ आहे का आणि तो अर्थ जुळतो का, हे दोन प्रश्न विचारायचे. 'हॅमबर्गर'वरून घरात वाद होतात. 'हॅम' म्हणजे डुकराचे मांस, मग हे नाव कसले? पण हा शब्द जर्मनीतल्या 'हॅम्बुर्ग' शहरावरून आला, त्यात 'हॅम' हा तुकडाच नव्हता. लोकांनी चुकीच्या जागी तोडला आणि 'बर्गर' मोकळा झाला, म्हणून आज 'चीजबर्गर' आणि 'व्हेज बर्गर' मिळतो. नाव निर्दोष आहे. आत काय घातले आहे हे तरीही विचारून घ्यावे. 'ब्रेकफास्ट' मात्र अगदी सरळ आहे, उपवास तोडणे. अरबीत 'फतूर' म्हणजे न्याहारी आणि आपला 'इफ्तार' एकाच माद्द्याचे आहेत.

एक फसवा तुकडा धोक्याचा आहे. टँकरच्या मागे 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. 'इन' म्हणजे नाही, असे नुकतेच शिकलेले मूल त्याचा अर्थ 'न जळणारे' असा लावेल. इथला 'इन' नकाराचा नाही, तो 'आत' या अर्थाचा. शब्दाचा अर्थ सहज पेट घेणारे. या गोंधळापायी अमेरिकेत 1920च्या दशकापासून आग-सुरक्षेच्या मंडळींनी 'फ्लेमेबल' लिहिण्याचा आग्रह धरला. नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तराचे स्प्रे, सॅनिटायझर यांवर दोन्हींपैकी कोणताही शब्द असला तरी ती बाटली शेगडीपासून लांब ठेवायची.

दवाखान्याच्या कागदांवर ही विद्या अधिक उपयोगी पडते, कारण तिथले शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिन आणि तुकडे ठरलेले. 'आयटिस' म्हणजे दाह: 'आर्थ्रायटिस' सांध्याचा, 'हेपटायटिस' यकृताचा. 'एक्टमी' म्हणजे कापून काढणे: 'टॉन्सिलेक्टमी'. रक्ताच्या साखरेच्या रिपोर्टवर 'पीपी' असते, ते 'पोस्ट प्रँडियल', म्हणजे जेवणानंतरचे. आणि 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. एका स्वराचा फरक, पण उपाय उलटे. 'ग्लायक' म्हणजे गोड आणि 'ईमिया' म्हणजे रक्तात. 'हायपरग्लायसेमिया'त साखर वाढलेली, 'हायपोग्लायसेमिया'त उतरलेली. रमजानमध्ये मधुमेही आजी-आजोबा घरात असतील तर हे दोन शब्द भिंतीवर लिहून ठेवावेत. घाम फुटला, हातपाय थरथरले आणि बोट टोचून साखर 70 च्या खाली आली, तर ती 'हायपो'. रोजा सोडून लगेच गोड द्यायला डॉक्टर सांगतात. रमजानपूर्वी त्यांचा सल्ला घेतलेला असावाच.

घरी करायचे ते फार नाही. एक वही घ्यावी, प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक तुकडा लिहावा आणि पुस्तकात, पाकिटावर, बसवर तो भेटेल तेव्हा शब्द त्या पानावर उतरवावा. शेजारी त्याच अर्थाचा उर्दू किंवा मराठी तुकडा: 'लेस'शेजारी 'बे', 'एर'शेजारी 'गर' आणि 'णारा'. इंग्रजी न येणाऱ्या अम्मीलाही ही शेजारची बाजू भरता येते, आणि आमच्या अनुभवात ती मुलांपेक्षा लवकर भरते.

वर्गातली पोरे शेवटी डिक्शनरीतला सर्वात लांब शब्द मागतातच. तो 45 अक्षरांचा आहे आणि 1935 च्या सुमारास कोडी घालणाऱ्यांच्या एका अमेरिकन संघाच्या अध्यक्षांनी मुद्दाम बनवला. आमच्या आठवीच्या मुली फळ्यावर सात उभ्या रेघा मारून तो वाचतात: न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रो, स्कोपिक, सिलिको, व्होल्केनो, कोनि, ओसिस. फुफ्फुस, पलीकडे, सूक्ष्म, दिसणारे, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आजार. मग आम्ही मधले पाच तुकडे पुसायला सांगतो. उरतो 'न्यूमोकोनिओसिस'. हा शब्द कोडे म्हणून बनलेला नाही. खाणीत किंवा खडी क्रशरवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या छातीच्या एक्स-रे रिपोर्टवर तो येतो.