जर्सीचा रंग फ्लेक्सवर का जुळत नाही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी झाली की मुंबईत माहुलपासून ट्रॉम्बे कोळीवाड्यापर्यंत टेनिस क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धांचे बॅनर झळकू लागतात. या पट्ट्यात संघाच्या रंगाला मान आहे. मंडळाचा झेंडा, गोविंदा पथकाचा टी-शर्ट आणि संघाची जर्सी अशा सगळ्यांवर तोच रंग वर्षानुवर्षे चालत आलेला असतो. रिफायनरीच्या शेजारच्या गावांतल्या मुलांना तर हे लहानपणापासून ठाऊक असते, कारण भारत पेट्रोलियमच्या कबड्डी संघाचे नाव इथे घराघरांत आहे आणि त्या कंपनीचा निळा-पिवळा लांबूनही ओळखू येतो.

तरीही बॅनर लागला की तक्रार ठरलेली. ‘आपली जर्सी केशरी, हा तर विटकरी आला.’ ‘रॉयल ब्लू सांगितला होता, जांभळा कसा झाला?’ मंडळ फ्लेक्सवाल्याला बोल लावते आणि फ्लेक्सवाला मॅटर बनवणाऱ्याकडे बोट दाखवतो. बहुतेक वेळा दोघांनीही काम मनापासून केलेले असते. चूक रंग ठरवण्याच्या पद्धतीत असते आणि त्या पद्धतीच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज १ : केशरी म्हणजे केशरी, निळा म्हणजे निळा. त्यात वेगळे काय सांगायचे?

भारतीय क्रिकेट संघाचाच निळा पाहा. १९९२च्या विश्वचषकात तो गडद नेव्ही होता, १९९६ला फिकट झाला आणि त्याला पिवळ्याची जोड मिळाली, १९९९ला आकाशी झाला. २०१९च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध संघ निळ्या-नारंगी जर्सीत उतरला. प्रो कबड्डीतले यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोघेही केशरी-नारंगीच्याच घरातले. तेव्हा ‘केशरी कर’ एवढे सांगून ऑर्डर दिली, तर दुकानदार त्याच्या मनातला केशरी छापणार.

तिरंग्याच्या बाबतीत देशाने ही मोघम भाषा ठेवली नाही. राष्ट्रध्वजाचे मानक ‘आयएस १’ १९५१ साली निघाले आणि पुढे सुधारले गेले. त्यात केशरी आणि हिरवा मोजलेल्या आकड्यांत बांधून दिले आहेत आणि रंग किती पक्का असावा हेही सांगितले आहे. गावच्या संघाला एवढा काटेकोरपणा नको, पण ‘हाच तो’ म्हणून बोट ठेवता येईल असा एक नमुना हवाच.

गैरसमज २ : मोबाइलवर दिसतो तसाच छापून येईल.

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तो रंग तयार करतो. फ्लेक्स मात्र बाहेरचा उजेड परतवतो, आणि त्यावर सायन, मजेंटा, पिवळी व काळी अशा चार शाया असतात. पडद्यावरचे काही झगझगीत रंग, विशेषतः नारंगी, पोपटी आणि विजेसारखा निळा, या चार शायांच्या आवाक्यातच येत नाहीत. मशीन त्यांच्या जवळचा, पण मंद रंग देते.

त्यात प्रत्येक फोनची चमक वेगळी. रात्री डोळ्यांसाठी लावलेला पिवळसर पडदा तसाच राहिला, तर निळा मळकट दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर चार जणांकडून फिरून आलेला लोगो दाबला जाऊन कडांना फाटलेला असतो. लोगोची मूळ कोरलड्रॉ फाइल किंवा पीडीएफ मिळवा, आणि रंगाचा निर्णय फोनवर करू नका.

गैरसमज ३ : कलर कोड दिला की काम झाले.

कोड ही पाककृती आहे. चव शेवटी त्या चुलीवर ठरते. मजेंटा ६० टक्के आणि पिवळा १०० टक्के हे आकडे दोन मशीनना दिले, तर दोन वेगळे नारंगी येतात. शाईची कंपनी, छपाईच्या हेडची अवस्था, फ्लेक्सचा पांढरेपणा आणि किती पासमध्ये (हेडच्या किती फेऱ्यांत) प्रिंट मारली, या सगळ्यांचा परिणाम होतो. प्रत्येक यंत्राच्या या स्वभावाची नोंद ठेवणारी प्रोफाइल असते. ती सगळीकडे एका पद्धतीने लिहिली जावी म्हणून १९९३ साली आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियम स्थापन झाले. दुकानात फ्लेक्सचा रोल बदलला आणि प्रोफाइल जुनीच राहिली, तर आकडे तेच राहून रंग सरकतो.

पॅन्टोन कंपनीचा रंग-क्रमांक त्याहून भरवशाचा, कारण १९६३ पासून तो छापील पट्टीवर दाखवता येतो. पण त्या पट्टीवरचे बरेचसे रंग खास मिसळलेल्या शाईचे असतात आणि चार शायांच्या मशीनवर ते पूर्ण जुळत नाहीत. शिवाय एकाच क्रमांकाची गुळगुळीत कागदावरची आणि साध्या कागदावरची शेड वेगळी दिसते. पॅन्टोन क्रमांकाने लक्ष्य कळते. तिथवर आपले मशीन पोहोचते का, हे छापूनच पाहावे लागते.

गैरसमज ४ : शाई जास्त सोडली की रंग भडक येतो.

रॉयल ब्लूचा जांभळा इथेच होतो. निळा गडद हवा म्हणून सायन शंभर आणि मजेंटाही शंभर ठेवला जातो, आणि छापून येतो तो जांभळट. मजेंटा साठ-सत्तरवर आणला की निळा निळ्यात राहतो.

केशरीचे दुखणे उलट आहे. मोबाइलसाठी बनवलेली फाइल छपाईच्या चार रंगांत बदलताना त्यात थोडा सायन किंवा काळा आपोआप शिरतो. पाच-सात टक्के सायननेही केशरीतला तजेला जातो आणि तो विटेकडे झुकतो. म्हणून केशरी पट्ट्यात सायन आणि काळा शून्य आहेत का, हे कोरलमध्ये डोळ्यांनी बघून घ्यावे. मजेंटा वाढवत नेला तर केशरी भडक होत नाही, लाल होतो. शाई मर्यादेपलीकडे गेली, तर ती सुकत नाही आणि घडी घातल्यावर फ्लेक्स एकमेकाला चिकटतो.

गैरसमज ५ : जर्सी छापली तोच रंग फ्लेक्सवर का नाही येणार?

आजकालच्या बहुतेक जर्सी सब्लिमेशनने होतात. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. फ्लेक्स हे पीव्हीसी, आणि सॉल्व्हंट शाई त्याच्या पृष्ठभागावर बसते. कापडाचा विणलेला पोत उजेड विखुरतो, तर फ्लेक्स चमकतो. दोन्हींत उन्नीस-बीस राहणारच.

निऑन पोपटी किंवा निऑन नारंगी जर्सी असेल, तर आधीच मनाची तयारी करावी. ते रंग डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणे शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकतात. साध्या चार शायांत हा गुण नाही. अशा वेळी जवळची स्वच्छ पोपटी शेड निवडून भोवती काळा किंवा गडद निळा ठेवला, तर ती उठून दिसते.

गैरसमज ६ : रंग फिका पडला म्हणजे शाईच हलकी.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत अशीच तक्रार होती : काळा रंग पुरेसा काळा येत नाही. तिथले रसायनतज्ज्ञ शेव्रेल यांनी तपास केला. दोष रंगात नव्हता, काळ्याशेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. बॅनरवरही हेच घडते. तोच केशरी निळ्यावर पेटल्यासारखा दिसतो आणि पिवळ्यावर मवाळ होतो.

उजेडाचेही तसेच. जर्सी आणि बॅनर उन्हात जुळतात आणि संध्याकाळी हॅलोजन लागले की वेगळे दिसतात, कारण दोन्हींची रंगद्रव्ये वेगळी आहेत. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली तर निळा ओळखूही येत नाही. सामने रात्रीचे असतील, तर नमुना मैदानावरच्या दिव्याखालीही एकदा पाहावा. मागून दिवा लावायचा असेल, तर बॅकलाइट फ्लेक्सच घ्यावा आणि मागून उजेड देऊनच शेड ठरवावी.

गैरसमज ७ : गेल्या वर्षीचा बॅनर आहेच, त्यावरून मारून दे.

वर्षभर उन्हात राहिलेला बॅनर हा नमुना राहत नाही. ऊन शाई खाते, आणि बाहेरच्या छपाईत पिवळा व मजेंटा सहसा आधी उतरतात. केशरी नेमका या दोघांचाच बनलेला आहे. धुऊन धुऊन उतरलेली जर्सीही चालणार नाही. नवी, घडीतली जर्सी घ्यावी.

मग करायचे काय?

नवी जर्सी घेऊन दुकानात जा आणि दुकानदाराला सांगा, ‘आधी पट्टी मारून दे.’ ज्या मशीनवर आणि ज्या रोलवर बॅनर होणार, त्यावरच फूटभर रुंदीची पट्टी. केशरी असेल तर पिवळा शंभर ठेवून मजेंटा ५०, ५५, ६०, ६५ आणि ७० असे पाच चौकोन, प्रत्येक तळहाताएवढा, शेजारी आकडे छापलेले. चौकोन लहान नको, कारण रंगाचे क्षेत्र वाढले की तो जास्त उजळ वाटतो. शाई सुकू द्या. मग पट्टी दुकानाच्या ट्यूबलाइटखालून बाहेर आणा, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात जर्सीला अगदी चिकटवून धरा आणि चार पावले मागे जाऊन पाहा. बॅनर लांबून वाचायचा असतो, शेडही लांबूनच ठरवावी. पाचपैकी एक चौकोन जर्सीत मिसळून जातो. तो आपला.

या पट्टीला फार तर शे-दीडशे रुपयांचा फ्लेक्स आणि थोडा वेळ लागतो. पण ऑर्डर सामन्याच्या आदल्या रात्री दिली, तर तोही वेळ उरत नाही. किमान दोन दिवस आधी जा आणि पट्टीचे पैसे हक्काने द्या. फ्लेक्सवाल्याचाही वेळ आणि माल लागतो, आणि घाईत पट्टी मागणारे मंडळ त्याच्याकडून चांगले काम मिळवू शकत नाही.

निवडलेल्या चौकोनावर मंडळ आणि दुकानदार दोघांनीही सही करावी. मागे शाईचे आकडे, फ्लेक्सचा प्रकार, पासची संख्या, दुकानाचे नाव आणि तारीख लिहा. हा तुकडा उन्हापासून दूर, मंडळाच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या हंगामात दुकान, शाई किंवा मशीन बदलले, तरी नवी पट्टी या तुकड्याशी लावून पाहता येईल, आणि कार्यकारिणी बदलली तरी संघाचा रंग बदलणार नाही.