वारीच्या वाटेवर इन्शुलिनची जपणूक

ज्येष्ठाचा पहिला पंधरवडा सरत आला, की भूगाव, भुकूम, पिरंगुट या भागातले माझे मधुमेही रुग्ण एकच प्रश्न घेऊन दवाखान्यात येतात. "डॉक्टर, माउलींबरोबर पायी जायचंय. वाटेत फ्रीज कुठला मिळणार? इन्शुलिनचं काय करू?" दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा चांदणी चौक उतरून दिंडीत सामील होणारी पुष्कळ मंडळी आपल्या मुळशीत आहेत. त्यांच्यापैकी काही जण केवळ या प्रश्नामुळे वारी सोडतात, तर काही जण वारीला जातात आणि इंजेक्शन घरी ठेवतात. पहिल्याने मनाला रुखरुख लागते, दुसऱ्याने जीव धोक्यात येतो. खरे पाहता दोन्हींची गरज नाही. औषध सुरक्षित राखायला फ्रीज लागतोच असे नाही, हे आज थोडे सविस्तर सांगतो.

इन्शुलिन कशाने बिघडते?

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी ते माणसाला प्रथम टोचले गेले. इन्शुलिन हे एक प्रथिन आहे. पोटात गेल्यास ते पचून जाते, म्हणून टोचावे लागते. आणि प्रथिन असल्यामुळेच ते कडक उष्णतेने व गोठण्याने खराब होते. नासलेले दूध पुन्हा गार केले म्हणून चांगले होत नाही, तसेच बिघडलेल्या इन्शुलिनचे आहे.

मात्र येथे एक भेद नीट समजून घ्यावा. न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवला, तर कुपीवर छापलेल्या मुदतीपर्यंत टिकतो. रोजच्या वापरातली कुपी किंवा पेन मात्र फ्रीजबाहेर, साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत, बहुतेक प्रकारांत ४ आठवडे चालते. आपल्या औषधाची नेमकी मर्यादा खोक्यातील पत्रकात छापलेली असते. ती मुलाकडून किंवा नातवाकडून वाचून घ्यावी.

हिशोब करून पाहा

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. पौर्णिमेचा काला धरला, तरी सारा प्रवास चार आठवड्यांच्या आत बसतो. म्हणजे निघण्याच्या दिवशी फ्रीजमधून काढलेली कुपी काळजीने वापरली, तर परतेपर्यंत पुरेशी चांगली राहते.

किती कुप्या न्यायच्या, हेही आधीच ठरवावे. आपल्याकडच्या ४० युनिटच्या १० मिलिलिटर कुपीत एकूण ४०० युनिट असतात. सकाळी २० आणि रात्री १० असे दिवसाला ३० युनिट लागत असतील, तर २३ दिवसांचे ६९० युनिट होतात. दोन कुप्या पुरतात. फुटली-हरवली तर हाताशी असावी म्हणून तिसरी न्यावी. फ्रीजमधून बाहेर काढल्याची तारीख प्रत्येक कुपीवर पेनाने लिहावी. न उघडलेल्या कुपीची बाहेरची मुदतही त्याच दिवसापासून मोजायची असते.

उन्हाइतकाच बर्फही घातक

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका माळकरी शेतकऱ्याने मोठ्या हौसेने थर्मासचा डबा घेतला. फ्रीझरमधल्या दगडासारख्या गोठलेल्या पिशव्या त्यात भरल्या आणि त्यांच्या मधोमध इन्शुलिनच्या कुप्या खुपसल्या. पहिल्याच रात्री औषध गोठले. सकाळी ते वितळले, दिसायला ठीक वाटले, म्हणून तेच टोचत ते चालत राहिले. लोणंदला तपासले, तेव्हा रक्तातली साखर ४०० च्या वर गेली होती. त्यांनी काळजी घेतली नाही असे नव्हे, काळजी चुकीच्या दिशेने झाली. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर कसेही दिसो, ते टाकूनच द्यावे.

आपल्या उपकेंद्रातील नर्सताई लसीचा डबा भरतात, तेव्हा काही लसी गोठू नयेत म्हणून बर्फाचे पॅक आधी बाहेर काढून ठेवतात. पॅकला घाम सुटला आणि हलवल्यावर आत पाणी वाजले, की मगच ते डब्यात घालतात. तोच धडा आपण घ्यावा. थर्मास वापरायचाच असेल, तर पॅक असा अर्धवट वितळू द्यावा आणि कुपी जाड कापडात गुंडाळून पॅकपासून वेगळी ठेवावी. घरीदेखील इन्शुलिन फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून कधीही ठेवू नये.

माठाचे शास्त्र

कोऱ्या माठाच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतली उष्णता घेऊन जाते. हेच शास्त्र वाटेवर वापरता येते. कुपी कोरडी राहील अशा लहान झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवावी. डबीभोवती सुती पंचा ओला करून, पिळून गुंडाळावा आणि ती कापडी पिशवीत घालून खांद्याला लावावी. फडके वाळले की पुन्हा भिजवावे. पाण्यात भिजवून वापरण्याच्या तयार पिशव्याही औषधांच्या दुकानांतून मिळतात, त्यांचे काम याच तत्त्वावर चालते. ओली पिशवी प्लास्टिकच्या कागदात किंवा बंद बॅगेत कोंबू नये. वारा लागला नाही तर गारवा येत नाही. पाऊस लागला की हवा दमट होते व हा उपाय मंदावतो, पण तेव्हा हवाच थंड असते. पावसाने ओढ दिली आणि फलटण, माळशिरसच्या बाजूला ऊन तापले, तर हाच उपाय कामाला येतो.

मुक्कामाला एका मोठ्या मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मध्ये ओली वाळू भरली, तर आतली जागा छान गार राहते. डबी त्या आतल्या मडक्यात ठेवून वर ओले फडके झाकावे. पावसाळ्यात वीज गेली, तर घरीही हा उपाय करता येतो.

इन्शुलिन दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये मात्र देऊ नये. उन्हात उभ्या ट्रकच्या ताडपत्रीखाली किंवा मोटारीच्या काचेमागे होणारी भट्टी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. औषध नेहमी आपल्या अंगावर असावे.

२०२१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. केनियातील दगाहाले निर्वासित छावणीत दिवसभरात तापमान २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान वरखाली होते. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तशाच तापमानात चार आठवडे ठेवलेले इन्शुलिन तपासले. ते फ्रीजमधल्या इन्शुलिनइतकेच प्रभावी निघाले. याचा अर्थ औषध उन्हात ठेवावे असा नाही. पत्रकातली मर्यादा पाळावीच. पण दुपारी थोडी गरमी लागली म्हणून घाबरून कुपी फेकू नये, इतका धीर त्यातून नक्की मिळतो.

शंका आली तर

साधे इन्शुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ झाले तर वापरू नये. मिश्र इन्शुलिन मुळातच दुधाळ असते. ते हातात हलकेच घोळवल्यावर एकजीव व्हावे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटला तर ते टाकावे. काही वेळा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. नेहमीची मात्रा घेऊनही साखर सतत वाढत असेल, तर नवी कुपी उघडावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

औषध बिघडले असेल या शंकेने इंजेक्शन बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. ज्यांचे शरीर स्वतः इन्शुलिन बनवत नाही, त्यांच्या रक्तात दोन-तीन दिवसांतच आम्ल साठून बेशुद्धी येऊ शकते. पालखीमार्गावर आरोग्य खात्याची पथके असतात, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तेथे निःसंकोच जावे. दुकानातून नवे औषध घ्यावे लागले, तर चिठ्ठी दाखवून त्याच नावाचे व त्याच शक्तीचे घ्यावे. ४० युनिटच्या कुपीला ४० ची आणि १०० च्या कुपीला १०० चीच सिरिंज लागते. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते.

शेवटी एवढेच. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्यावी, कारण रोजच्या चालण्याने साखर उतरते. एकादशीच्या उपवासाचेही तेव्हाच विचारावे. खिशात खडीसाखर ठेवावी, आणि आपल्याला मधुमेह आहे व औषध कोणत्या पिशवीत आहे, हे दिंडीतल्या शेजारच्या दोघांना सांगून ठेवावे.