सत्तेचाळिसावी ओळ, तिसावे घर

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेली दैनंदिन पावसाची एक आधारसामग्री संशोधकांच्या रोजच्या वापरातली आहे. १९०१पासूनच्या नोंदी आणि देशभरातली ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रे यांच्या आधारे ती बांधली गेली. भारताच्या नकाशावर पाव-पाव अंशाची जाळी टाकायची आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूवर त्या दिवशी किती पाऊस पडला असावा याचा आकडा काढायचा, अशी तिची रीत. ६.५ ते ३८.५ उत्तर अक्षांशांपर्यंत १२९ ओळी, आणि प्रत्येक ओळीत ६६.५ ते १०० पूर्व रेखांशांपर्यंत १३५ घरे. म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे आणि लीप नसलेल्या वर्षाचे ६३,५६,४७५.

हे सारे आकडे एका वर्षाच्या एका फाइलमध्ये असतात. पण ती फाइल उघडली तर तिच्यात गावाचे नाव नाही, तारीख नाही, अक्षांश-रेखांशही नाहीत. एकामागून एक आकड्यांची लांबलचक माळ, एवढेच. पहिला आकडा १ जानेवारीचा, अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यातला. त्यापुढचा त्याच ओळीतला पाव अंश पूर्वेचा. ओळ संपली की पाव अंश उत्तरेला. या माळेतून महाबळेश्वरचा १ जुलैचा पाऊस कसा काढायचा?

महाबळेश्वरला सर्वांत जवळचा बिंदू १८ अंश उत्तर, ७३.७५ अंश पूर्व. खालून मोजत गेले तर ती सत्तेचाळिसावी ओळ आणि त्या ओळीतले तिसावे घर. १ जुलैपूर्वी १८१ दिवस सरले, त्या दिवशीच्या ४६ ओळी सरल्या, ओळीतली २९ घरे सरली. म्हणून १८१ गुणिले १७,४१५, अधिक ४६ गुणिले १३५, अधिक २९. एकूण ३१,५८,३५४ आकडे ओलांडले की पुढचा आपला. वर्ष लीप असेल तर दिवस १८२ धरावे लागतात. ते विसरले तर ३० जूनचा पाऊस हाती येतो.

बहुमितीय ॲरे म्हणतात ती गोष्ट मुळात एवढीच आहे. दिवस, ओळ आणि घर या तीन मिती आपल्या मनात असतात; संगणकाच्या स्मृतीत एकच सरळ रांग असते. तीन अंक दिले की वरचा गुणाकार-बेरजेचा हिशेब करून यंत्र रांगेतले ठिकाण गाठते. आकडा कशाचा आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि माझ्या मते सगळी जोखीम इथेच आहे. चुकीचे ठिकाण गाठले तरी यंत्र कुरकुरत नाही. तिथला आकडा निमूटपणे हातात ठेवते.

पहिला घोळ मोजणीच्या आरंभाचा. आपल्याकडे मुलाचे वय दोन प्रकारे सांगतात: ‘दोन पूर्ण झाली’ किंवा ‘तिसरे लागले’. मूल तेच, आकडा वेगळा. १९५७मध्ये आलेली फोरट्रान ही ‘लागले’वाली भाषा, ती एकपासून मोजते. मॅटलॅब आणि आरही तशाच. सी आणि पायथन ‘पूर्ण झाली’वाल्या, त्या शून्यापासून मोजतात. शून्याचाच पक्ष धरणारे एडस्खर डायक्स्ट्रा यांचे १९८२चे छोटे टिपण प्रसिद्ध आहे, पण वाद मिटलेला नाही. मिटायचे कारणही नाही; दोन्ही रीती आपापल्या घरी सुसंगत आहेत. पंचाईत होते ती एका घरचा अंक दुसऱ्या घरी नेल्यावर. फोरट्रानमधले ४७ आणि ३० जसेच्या तसे पायथनला दिले, तर महाबळेश्वरऐवजी १८.२५ उत्तर, ७४ पूर्व हा बिंदू मिळतो. तो आहे पुरंदर किल्ल्याजवळ! उलट पायथनचे ४६ आणि २९ फोरट्रानला दिले, तर आपण घाटाखाली खेड-चिपळूणच्या बाजूला उतरतो. सह्याद्रीत एका घराची चूक म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटर, आणि तेवढ्यात पावसाचा प्रदेशच बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तिथून तीन घरे पूर्वेला दहिवडीकडे तो पाचशेच्या आसपास.

दुसरा घोळ मितींच्या क्रमाचा, आणि तो अधिक फसवा आहे. फोरट्रानमध्ये पहिला अंक सर्वांत भरभर बदलतो, म्हणून तिथे ही जाळी ‘१३५, १२९’ अशी लिहिणेच बरोबर. पायथनच्या नमपायमध्ये, वेगळे काही सांगितले नाही तर, शेवटचा अंक भरभर बदलतो. तिथे ‘१२९, १३५’ हवे. जुन्या फोरट्रान प्रोग्रॅमवरून आकार तसाच उतरवून घेतला, तर नमपाय तक्रार करणार नाही, कारण गुणाकार दोन्हीकडे १७,४१५च. आता अशा उलट्या जाळीत महाबळेश्वरची ओळ आणि घर मागितले, तर आकडा येतो रत्नागिरीच्या पश्चिमेला भर समुद्रातल्या बिंदूचा. समुद्रावर उणे ९९९ ही ‘नोंद नाही’ची खूण असल्याने चूक लगेच उघडी पडते. म्हैसूरचे नशीब इतके चांगले नाही. म्हैसूरची तेविसावी ओळ आणि एकेचाळिसावे घर (शून्यापासून मोजून) मागितले, की कोडगूच्या दक्षिण टोकाचा पाऊस मिळतो. पाऊस खरा, दिवस खरा, आकडाही पटण्याजोगा. कोरड्या म्हैसूरवर शंभर वर्षे कोडगूचा पाऊस पाडून एखादा प्रबंध पुरा होऊ शकतो.

एकाहून अधिक ठिकाणे निवडताना आणखी एक फरक दिसतो. महाबळेश्वरची ओळ ४६, घर २९. दहिवडीची ओळ ४५, घर ३२. नमपायला ओळींची यादी आणि घरांची यादी दिली, तर ते जोड्या लावते आणि दोन आकडे देते. फोरट्रान, मॅटलॅब आणि आर (एकपासूनच्या अंकांत मागितले, तर) प्रत्येक ओळ प्रत्येक घराशी जोडतात. मग चार आकडे येतात, त्यांत फलटण आणि कास पठाराजवळचे न मागितलेले बिंदू. सरासरी काढली की चौघांची ओळख पुसली जाते.

उणे अंकांचे तर विचारूच नका. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचे. जाळीच्या दक्षिणेला ६.२५ अक्षांशाची ओळ मागितली, तर हिशेब उणे एक येतो आणि यंत्र थेट उत्तरेची ३८.५ची ओळ देते.

एक्सअॅरेसारख्या नव्या साधनांनी मितींना नावे आणि घरांना अक्षांश-रेखांश चिकटवले, त्यामुळे ‘१७.९२ उत्तर, ७३.६६ पूर्व, जवळचे घर’ असे थेट मागता येते. वरचे बरेचसे घोळ त्याने टळतात. मात्र ‘जवळचे’ म्हणजे किती जवळचे, ही मर्यादा आपण घालून द्यावी लागते. नाही तर मालदीवच्या मालेचा पाऊस मागितला तरी काही तरी उत्तर येते. शिवाय लेबले लावणारा माणूसच असतो. त्यांचा क्रम उलटा लावला, तर चूक नावानिशी पक्की होते.

म्हणून जुने जाणते अभ्यासक विश्लेषणाआधी एक साधी गोष्ट करतात: जुलैचा नकाशा काढून पाहतात. सह्याद्रीची ओली रेघ किनाऱ्यालगत उभी दिसली, तिच्या पूर्वेला माणदेश कोरडा दिसला, समुद्र रिकामा दिसला, की पुढे जायचे. त्यानंतरही ३१,५८,३५५वा आकडा महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकाचा नसतो. आसपासच्या केंद्रांच्या नोंदींना अंतरानुसार वजन देऊन काढलेला तो एका बिंदूचा अंदाज असतो.